शय्यादानातून उरलेली घंटा

कल्याणात पारनाक्यापाशी राहणाऱ्या रंगूबाईला घरातली एक वस्तू फुकट द्यायची होती आणि अख्ख्या गावात ती घ्यायला कोणी तयार होईना. हे तेच गाव, जिथे लग्नाच्या पंगतीतून लोक द्रोणसुद्धा धुऊन घरी नेतात. पण रंगूबाईच्या दारावरून जाताना मात्र सगळ्यांना एकदम घाई होई.

वस्तू म्हणजे विजेची घंटा. आता शके अठराशे चौदाच्या सुमाराला, गावात रॉकेलचे दिवे लागत होते त्या काळात, विजेची घंटा रंगूबाईच्या स्वयंपाकघरात कशी आली, तर तिचा नवरा कल्याण स्टेशनात तारमास्तर होता. बावीस वर्षं मारुतीरावांनी तारायंत्राची कडकट्ट केली. रेल्वेने निकामी म्हणून लिलावात काढलेलं सामान ते हौसेने घरी आणत आणि दुरुस्त करत बसत. त्यातलीच ही पितळी घंटा, तांब्याच्या तारेचं एक भेंडोळं आणि नवसागराचं पाणी भरलेल्या चार काचेच्या बरण्या. वीज त्या बरण्यांत तयार होई. एरवी ही सगळी अडगळ माळ्यावर पडून राहिली असती. पण मारुतीरावांना अर्धांगवायू झाला, डावं अंग गेलं, आणि अडगळ खाली आली.

जीभ शाबूत होती, हाकही मारता आली असती. पण जन्मभर तारेवरून बोललेल्या माणसाला बायकोला ओरडून बोलवणं कमीपणाचं वाटे. त्यांनी स्टेशनातल्या ह्युबर्ट नावाच्या तारखात्याच्या, खांबांवर तारा ओढणाऱ्या खलाशाला बोलावलं. त्याने पलंगाच्या चौकटीत उजव्या हाताशी एक बटण बसवलं, तिथून तार तुळईवरून नेली आणि घंटा स्वयंपाकघराच्या भिंतीला ठोकली. बटण दाबलं की घंटा ठणाणा करी. एक ठोका म्हणजे पाणी. दोन म्हणजे कूस वळवायची आहे. तीन म्हणजे पिकदाणी. आणि बटण दाबून धरलं, घंटा थांबतच नाही असं झालं, की काय हवंय ते पलंगाशी येऊन विचारायचं.

रंगूबाईला अक्षर ओळखता येत नव्हतं. पण ही भाषा ती आठ दिवसांत शिकली आणि तीन वर्षं तिने ती पाळली. भाकरी तव्यावर असो, वेणीचे तीन पदर हातात असोत, घास तोंडात असो, घंटा झाली की ती उठलीच. त्या तीन वर्षांत तिने गरम जेवण जेवल्याचं तिला आठवत नव्हतं. झोपेतसुद्धा तिचे पाय आधी उठत आणि डोळे मागून. शेजारची गोदा म्हणे, "रंगू, तुझ्यासारखी सेवा कोणी करणार नाही हो." कौतुक करायला गोदाचं काय जातंय!

मग मारुतीराव गेले. रंगूबाई रडली आणि ते रडणं खरं होतं. पण तिसऱ्या दिवशी तिने चुलीपुढे बसून गरम पिठलं-भाकरी शेवटच्या घासापर्यंत एका जागी खाल्ली, आणि तिला इतकं बरं वाटलं की लाज वाटली. ही गोष्ट तिने कोणालाही सांगितली नाही.

घोटाळा झाला तो बाराव्याला. मुलगा उत्तम इगतपुरीहून आला होता. वडिलांचं सगळं यथासांग व्हायला हवं, शय्यादानसुद्धा, असा त्याचा हट्ट. शय्यादान म्हणजे गेलेल्या माणसाच्या नावाने पलंग, गादी, उशी, पांघरूण, तांब्या, दिवा, छत्री, वहाणा असं सगळं ब्राह्मणाला द्यायचं. भटजींनी त्या पलंगावर घटकाभर अंग टेकायचं, की दान पोचलं. उत्तमने मारुतीरावांचाच शिसवी पलंग काढला. भटजी अंगाने भरलेले. ते डोळे मिटून, मंत्र पुटपुटत पलंगावर आडवे झाले आणि त्यांचं कोपर नेमकं बटणावर आलं. भटजी सावरले, परत टेकले, परत सावरले, परत टेकले.

स्वयंपाकघरात घंटा वाजली. तीन वेळा.

रंगूबाई बायकांच्या घोळक्यात तोंडाला पदर लावून बसली होती. ती उठली. कोपऱ्यातली पिकदाणी उचलली, माजघर ओलांडलं, बसलेल्या पुरुषमंडळींतून वाट काढत पलंगाशी गेली आणि पिकदाणी भटजींच्या हनुवटीखाली धरली. भटजींनी डोळे उघडले. घरातली सुतकी विधवा आपल्या तोंडापुढे पिकदाणी घेऊन उभी आहे, आणि चेहऱ्यावर असं काही, की टाका आता लवकर, माझी भाकरी करपतेय. भटजी पलंगावरून जे उडाले ते थेट उंबऱ्यापाशी उतरले. कोणाला हसू फुटलं नाही. उत्तमच्या हातातली पळी खाली पडली, तेवढाच काय तो आवाज झाला.

"मास्तरांचा जीव अडकलाय," भटजी धापा टाकत म्हणाले. "ते अजून हाक मारताहेत."

जीव अडकला होता तर पलंगही नको म्हणायचं ना? पण पलंग शिसवी होता. भटजींनी सुताराकडून बटण तेवढं चौकटीतून कोरून काढवलं, बटणाच्या तारा कापवल्या, आणि पलंग, गादी, छत्री, वहाणा सगळं हातगाडीवर घालून नेलं. घंटा घरातच राहिली. शास्त्रात घंटेचा उल्लेख नाही म्हणे.

संध्याकाळपर्यंत पारनाक्यापासून काळ्या तलावापर्यंत बातमी गेली. ती गोदाने नेली हे वेगळं सांगायला नको. मारुतीमास्तर मेल्यावरही घंटा वाजवतात आणि बायको उठून जाते!

आणि घंटा खरोखरच वाजत राहिली. तुळईवरून दोन उघडी तारांची टोकं लोंबत होती. वारा आला, पाल सरकली, की ती एकमेकांना लागत आणि स्वयंपाकघरात ठण्ण होई. रंगूबाईला कारण दिसत होतं, भुताचं भय तिला कणभर वाटलं नाही. राग वेगळ्याच गोष्टीचा होता. घंटा झाली की ती अजून उठत होती. एकदा तर एक ठोका पडला, आणि ती तांब्या भरून घेऊन पलंगाच्या रिकाम्या जागेपुढे जाऊन उभी राहिली. जमिनीवर पलंगाच्या पायांचे चार गोल डाग होते. ती त्या डागांकडे बघत राहिली आणि मग तिने तांब्यातलं सगळं पाणी तिथेच ओतलं. घरात कोणी नव्हतं म्हणून बरं.

तारा तोडायच्या तर हात कोण लावणार? मारुतीराव सांगून गेले होते, "खबरदार! या तारेला बोट लावलंस तर जागच्या जागी कोळसा होशील." आणि उत्तम जाताना बजावून गेला होता, "आई, बाबांच्या हाताची एवढीच खूण आहे. विकू नकोस, मोडीत घालू नकोस. कोणाच्या उपयोगी पडेल अशा ठिकाणी दान दे." एवढं बोलून तो इगतपुरीला गेला, जिथे घंटा ऐकू येत नाही. आईने काय काय करावं हे मुलांना लांबून फार चांगलं सुचतं.

रंगूबाई आधी स्टेशनात गेली. नवा तारमास्तर तरुण होता, अदबीने बोलला. "मावशी, ही घंटा रेल्वेने एकदा बाद केलेली. बाद झालेली वस्तू परत कशी घेऊ? अर्ज करावा लागेल."

"मग करा की अर्ज."

"तो कोणाकडे करायचा तेच कोणाला ठाऊक नाही," तो म्हणाला, आणि तारायंत्राकडे वळला.

मग ती शाळेच्या हेडमास्तरांकडे गेली. ते आनंदाने उभेच राहिले. मुलांना विद्युत्शास्त्र प्रत्यक्ष दाखवता येईल, वा, मास्तरांचं नाव राहील! दोन दिवसांनी ते स्वतः रंगूबाईच्या घरी आले. रंगूबाईने घंटेखालची जागासुद्धा रिकामी करून ठेवली होती. हेडमास्तर पाटावर बसले आणि म्हणाले, "बाई, दहा मुलांचे बाप येऊन गेले. ती घंटा शाळेत आली तर मुलांना काढून घेऊ म्हणतात." पुढे त्यांनी लोकांच्या खुळचट समजुतींवर अर्धा तास असं काही व्याख्यान दिलं की ऐकत राहावं. भूत नसतं, पिशाच नसतं, हा सगळा मनाचा दुबळेपणा. व्याख्यान संपलं, आणि ते घंटेला हात न लावता निघून गेले.

"एवढं कळतं तर न्या ना!" रंगूबाई त्यांच्या पाठीवर ओरडली. त्यांनी ऐकलं नाही, किंवा ऐकलं आणि पाऊल उचललं.

शेवटी मुलाचा शब्द मोडून ती तांबटआळीत धाकू तांबटाकडे गेली. जुनं तांबं-पितळ मोडीत घ्यायचं आणि वितळवून नवी भांडी घडवायची, हा त्याचा पिढीजात धंदा. "पैसा नको रे मला, भांडं नको. घंटा फुकट ने," ती म्हणाली. धाकूने हातोडी थांबवली.

"कुठली घंटा? भटजींची?"

"भटजींची नाही, माझी!"

"तीच ती. नको, बाय. ते पितळ वितळवून मी हंडा घडवणार, तो कोणाच्या तरी मुलीच्या रुखवतात जाणार. उद्या हंडा वाजायला लागला तर लोक तो माझ्या गळ्यात बांधतील."

"अरे, हंडा कसा वाजेल? तुझी अक्कल कुठे गहाण पडली आहे?"

"मास्तर कसे वाजवतात मग?" धाकूने विचारलं, आणि त्याला सांगून उपयोग नाही हे तिला कळलं. ती घरी आली तेव्हा घंटा वाजत होती. वारा सुटला होता. पायातल्या वहाणाही न काढता ती स्वयंपाकघरापर्यंत धावली, आणि तिथे उभी राहून, भिंतीकडे बघून, तिने मारुतीरावांना आयुष्यात पहिल्यांदा शिवी दिली. लहानशीच दिली. तिला मोठ्या येत नव्हत्या.

असं करत करत वर्षश्राद्ध जवळ आलं. त्याच्या आठ दिवस आधी ह्युबर्ट दारात उभा राहिला. तोच, ज्याने घंटा बसवली होती. ठाण्याचा माणूस, तिथल्या किरिस्तावांच्या वाडीतला.

"मास्तरीनबाय, ती घंटा तू कोनाला देतंस असा आयकला."

"कोणी घेत नाही असंही ऐकलं असशील."

"मना दे. माजा मोटा भाव हाय ना, लिनो, तो ताडावरशी परला. कमरेखालशी गेला. दिसभर खाटेवं परलेला असतं नि बोंबा मारतं. भावजय वाडीन काम करतं, तिला आयकू जात नाय. घंटा असली तं बरा परल."

रंगूबाईच्या छातीत धस्स झालं. आनंदाने, असं तिला वाटलं. "लोक काय म्हणतात ते माहीत आहे ना तुला?"

"लोकांना काय काम हाय?" ह्युबर्ट म्हणाला. "लयच वाटला तं पाद्रीबाबाकडशी पानी शिपरून घेव." आणि तो स्टुलावर चढला, लोंबणारी दोन्ही टोकं उघड्या बोटांनी पकडली आणि तारा ओढून काढू लागला.

"अरे अरे! कोळसा होशील!"

ह्युबर्ट हसला. "चार बरन्यांची वीज ही, बाय. हिच्यान मुंगी पन मरत नाय. मास्तरनी सांगला नाय तुला?"

मास्तरांनी काय सांगितलं होतं ते ती त्याला कशाला सांगते? वर्षभर ती त्या दोन टोकांखालून वाकून जात होती.

घंटा निघाली, बरण्या पेंढ्यात बांधल्या गेल्या. रंगूबाई म्हणाली, मी पण येते. ह्युबर्टला वाटलं बरण्यांत नवसागर किती घालायचा ते दाखवायला येतेय. ते होतंच. पण खरं म्हणजे ही वस्तू दुसऱ्याच्या भिंतीला ठोकलेली डोळ्यांनी पाहिल्याखेरीज तिचा विश्वास बसणार नव्हता. आजवर सगळ्यांनी काही ना काही सांगून पाठ फिरवली होती. ठाण्याचं तिकीट काढून ती पेंढ्याचं गाठोडं मांडीवर घेऊन बसली, आणि ठाकुर्लीच्या पुढे गाडीच्या हिसक्याने गाठोड्यातून किण्ण झालं तेव्हा बाकावरून अर्धी उठली. समोरची बाई बघत राहिली.

ह्युबर्टच्या भावाचं घर मसुंदा तळ्यापाशी, पाद्र्यांच्या देवळामागच्या वाडीत होतं. लिनो खिडकीशी खाटेवर पडला होता. रुंद खांद्यांचा माणूस, कमरेखाली मात्र गोधडी सपाट. त्याची बायको व्हिक्टोरिया अंगणात फणसाखाली मासे साफ करत बसली होती. रंगूबाईला पाहून ती हात धुऊन उठली, आणि आपल्या घरचं पाणी ही घेणार नाही हे न विचारताच ओळखून तिने एक शहाळं फोडून दिलं. रंगूबाईला ती आवडली. चांगली हसरी बाई, वाडीतल्या मुलांच्या पाठीवर थाप मारत बोलणारी. हिच्या भिंतीला आपण हे काय ठोकायला आलो?

तासाभरात ह्युबर्टने तार ओढली. बटण लिनोच्या हाताशी, घंटा ओसरीच्या खांबाला, अंगणात ऐकू जाईल अशी. रंगूबाईने बरण्या भरून दाखवल्या. मग ती लिनोच्या खाटेशी उभी राहिली आणि तिने त्याला सगळं शिकवलं. एक म्हणजे पाणी. दोन म्हणजे कूस. तीन म्हणजे पिकदाणी. लिनो लहान मुलासारखा खूश होऊन ऐकत होता. "लय चांगला केलंस, बाय," तो म्हणाला. "माजा घसा बसला व्हता बोंबलून."

खाटेवरच्या माणसाचा काही दोष नव्हता, हे रंगूबाईला दिसत होतं. तरी तिला त्याचा राग आला. त्याचा अंगठा बटणावर टेकलेला होता, अगदी तसाच.

तिने व्हिक्टोरियाला अंगणात गाठलं. "हे बघ, मी तुला सांगते. रात्री कपडा बांधत जा घंटेला, म्हणजे आवाज बारीक येतो. आणि पहाटे, ते उठायच्या आधी, दोन घास खाऊन घेत जा. एकदा सुरू झालं की जेवण होत नाही."

"का होत नाय?" व्हिक्टोरियाने विचारलं, आणि परत मोरलीपुढे, मासे कापायच्या विळीपुढे, बसली. मासे अजून अर्धे राहिले होते.

आणि घंटा वाजली. एक ठोका.

रंगूबाई उठली. शहाळं हातात, पदर खांद्यावरून घसरलेला, ती दोन पावलं घराकडे गेलीसुद्धा, आणि मग थांबून वळली. व्हिक्टोरिया बसूनच होती. मोरलीवर एक बोय मासा उभा धरून ती खवले काढत होती.

"अगं, पाणी. त्यांना पाणी हवंय."

"कलला ना. आयकला."

परत एक ठोका. रंगूबाईने घराकडे बोट दाखवलं. "वाजतेय बघ."

"वाजंदे, बाय. हातान मासली हाय. यवडी साफ झाली का जातंय. तू बस, शालं पी."

"अगं, पण रागावतील ना ते!"

व्हिक्टोरियाने मान वर केली. तिला प्रश्नच नीट कळला नव्हता. "रागवल," ती म्हणाली. "मंग?"

रंगूबाईने तोंड उघडलं. मग काय, ते तिला सांगायचं होतं. मग... मग काय? ती शोधत राहिली. घंटा तिसऱ्यांदा वाजली, आतून लिनो ओरडला, "अगो व्हिक्टोरिया, मेलंस का काय?" आणि व्हिक्टोरिया ओरडली, "हाय जिती! थांब जरासा!" पुढे काहीच झालं नाही. लिनो थांबला. कावळा फणसावरून उतरून माशांच्या खवल्यांशी आला, व्हिक्टोरियाने त्याला हाकललं, उरलेले चार मासे साफ केले, टोपलीवर केळीचं पान झाकलं, हात दोनदा धुतले, पदराला पुसले, आणि तांब्या घेऊन सावकाश आत गेली. आतून लिनोची कुरकुर ऐकू आली आणि मग दोघांचं हसणं.

ह्युबर्ट हत्यारं बांधत ओसरीवर आला. "चल बाय, गारीचा टाईम झाला. सुटलंस ना आता?"

रंगूबाई अंगणात उभीच होती. तिने शहाळं खाली ठेवलं. तीन वर्षं, दिवसाकाठी तीस-चाळीस वेळा, शिवाय हे वर्ष पलंगाच्या रिकाम्या जागेसाठी. इतक्या वेळा घंटा झाली, आणि एकदाही, एकदासुद्धा, तिने बसून राहून पाहिलं नव्हतं.